जातं दळायला असतं

सिदूभाऊंसमोर ‘जाते’ म्हणायची सोय नव्हती. मी चाकणच्या गिअरबॉक्सच्या कंपनीत नुकती लागले होते. मी स्टोअर्सला, ते डिस्पॅचला. कसल्याशा चलनावर त्यांची सही घेतली आणि म्हटलं, “बरं, जाते मी.” ट्रकच्या फाळक्यावर हात ठेवून उभा असलेला तो बुटका माणूस मान न वळवता म्हणाला, “जातं दळायला असतं ताई. माणसानं येते म्हणावं.”

मला राग आला. पहिल्याच ओळखीत शिकवायला निघालेली माणसं मला आवडत नाहीत, आणि ते मी लपवतही नाही. म्हटलं, “येते म्हणून गेले आणि आलेच नाही तर?”

“तर आम्ही वाट बघू,” ते म्हणाले. “जाते म्हणालात तर वाटसुद्धा बघता येत नाही.”

हे आज उगाळत बसायचं कारण एवढंच की परवा माझ्या फोनवर एक निमंत्रण आलं. ब्लास्टयार्ड नावाचा एक गेमिंग फोरम आहे, त्यांचं. ‘आपल्या कुटुंबाचा वाढदिवस.’ दोन फोरम एकत्र झाले त्या दिवसाचा वाढदिवस म्हणे, खाली केकचं चित्र. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुटुंब म्हणे. त्यातलं निम्मं कुटुंब ज्या माणसानं जमवलं त्याला यांनी कसं बाहेर काढलं, ते यांच्यातल्या एकाला तरी आठवतंय का? त्यांना नसेल आठवत. मला आठवतं.

सिद्धार्थ ओव्हाळ हे त्यांचं पूर्ण नाव, पण पिंपळे गुरवपासून चाकणपर्यंत सगळे सिदूभाऊच म्हणायचे. वडील पिंपरीतल्या कारखान्यात होते, त्यामुळे पोरवयापासून घरातलं घड्याळ पाळीवर चाललेलं. दाट भुवया, भर मे महिन्यातही बाह्यांची बटणं लावलेली, आवाज असा की ऐकायला जवळ जावं लागे. ट्रक भरून झाला की ते त्याच्या मागच्या बाजूला हातानं थाप मारायचे, बैलाला मारतात तशी. स्कूटर उभी केली की तिलाही थाप. त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी कॉम्प्युटर बंद केला आणि मॉनिटरच्या डोक्यावर थाप मारली. वहिनी आतून म्हणाल्या, “लग्नाला इतकी वर्षं झाली, मला नाही कधी मारली.” सिदूभाऊ लाजले. पन्नाशीचा माणूस लाजताना मी तेव्हा पाहिला.

या माणसानं ‘पाळीबदल’ नावाचा फोरम काढला होता. सगळे मिळून रणगाड्यांचा एक खेळ खेळायचे, पाच विरुद्ध पाच, आणि खेळून झालं की फोरमवर गप्पा. कोण पेंट शॉपमधला, कोण सीएनसी मशीनवर, एक भोसरीचा शिंपी, एक दिघीचा लष्करातून निवृत्त झालेला हवालदार. तो खऱ्या रणगाड्यात बसलेला होता आणि खेळात सगळ्यांत आधी मरायचा. बायका आम्ही दोघीच. माझं तिथलं नाव ‘तिखट’. ते सिदूभाऊंनीच ठेवलं, आणि आता वाचणाऱ्याला कळलंच असेल का ते.

सिदूभाऊ खेळायचे कसे, ते ऐका. आयुष्य ट्रक लावण्यात गेलेलं. रणगाडा आडोशाला न्यायचा तर बाकीचे सरळ घुसवायचे, हे मात्र रिव्हर्स घेऊन लावायचे, तोंड बाहेर. समोरून तोफा सुटताहेत आणि हा माणूस सावकाश मागे घेतोय. आम्ही हेडफोनमध्ये ओरडायचो, “अहो सिदूभाऊ, मरताय.” ते म्हणायचे, “तोंड बाहेर असलं की निघायला बरं पडतं.” बहुतेक वेळा रिव्हर्स घेतानाच उडायचे. पण एकदा आमचे चौघंही सरळ घुसून एका गल्लीत अडकले, मागून शत्रू आला, आणि तोंड बाहेर असलेले सिदूभाऊ एकटे निघाले आणि सामना जिंकून आले. तो सामना मग त्यांनी आम्हाला वर्षभर ऐकवला.

पाळीबदलवर शिवीला बंदी नव्हती. हरलेल्या माणसाला शिवी नाही द्यायची तर काय आरती ओवाळायची? पण सिदूभाऊंचा नियम होता, शिवी अहोजाहोत द्यायची, आणि पूर्ण वाक्यात. त्यामुळे आमच्याकडे अशी भांडणं व्हायची: “अहो मारुतराव, आपण तोफ चालवता की म्हैस धुता?” त्यावर मारुती शेळके, सीएनसीवाला, लिहायचा, “आपल्या तीर्थरूपांनी आपल्याला डोळे दिले ते शोभेला का?” तिसऱ्या वाक्याला दोघंही हसायला लागायचे. सिदूभाऊंचं म्हणणं असं की, ‘अहो’ म्हणायला तोंड मोठं उघडावं लागतं, तेवढ्यात निम्मा राग बाहेर पडतो.

आणि एक पान होतं, ‘निघताना’ नावाचं. पाळीला निघालेल्यानं, झोपायला निघालेल्यानं, बायकोनं हाक मारली म्हणून उठलेल्यानं त्या पानावर एक शब्द लिहायचा. येतो. बाई असली तर येते. बाकी काही नाही. कुणी चुकून ‘जातो’ लिहिलं की खाली सिदूभाऊंचं उत्तर हजर: ‘जातं दळायला असतं.’ वर्षानुवर्षांचे येतो, येतो, येते, येतो. बघणाऱ्याला वेड्यांचा बाजार वाटावा असं ते पान होतं.

त्या पानावर रफिकचाही एक ‘येतो’ होता. रफिक तांबोळी चाकणचा, वेल्डर, सिदूभाऊंचा जिवलग. एके सकाळी एक सामना खेळून त्यानं ‘येतो’ लिहिलं, मोटरसायकल काढली, आणि तळेगाव रस्त्याला कंटेनरखाली गेला. दुपारी फोरमवर बातमी आली तेव्हा सगळे त्याच पानावर श्रद्धांजली लिहायला धावले. सिदूभाऊंनी एकूण एक काढून टाकली. मला ते आवडलं नाही, मी फोन करून भांडले. ते म्हणाले, “रडायला दुसरं पान उघडू की. तिथं नको. तो येतो म्हणालाय. त्याच्याखाली आपण भावपूर्ण आदरांजली लिहिली तर त्याला खोटं पाडल्यासारखं होतं.” संध्याकाळी त्यांनी स्वतः रफिकच्या खाली ‘येतो’ लिहिलं, नेहमीसारखं. मग हळूहळू बाकीच्यांनीही.

रुखसानाभाभी म्हणजे रफिकची बायको. तिला या खेळाचं काडीचं कौतुक नव्हतं. पण चाळिसावं झाल्यावर तिनं सिदूभाऊंना घरी बोलावून विचारलं, यांचं शेवटचं काय ते तुमच्याकडं हाय म्हणतात, कुठं हाय. सिदूभाऊंनी तिच्या फोनवर ते पान उघडून दिलं. तिनं वाचलं, आणि विचारलं, “हे राहील ना हितं?” सिदूभाऊ म्हणाले, “मी आहे तोवर राहील भाभी.” या एका वाक्यावर पुढचं सगळं रामायण उभं आहे, म्हणून ते नीट लक्षात ठेवा.

पुढं पाळीबदलचे दिवस फिरले. ज्या पोरानं फोरमची साइट बांधून दिली होती तो नोकरीला बंगळुरूला गेला. फोनवर पानं उघडेनात. पाच माणसं एका वेळी जमेनात, कारण कुणाचा ओव्हरटाइम, कुणाची नवी कंपनी, कुणाचं लग्न. घर रिकामं झालं की खायला उठतं, तसं झालं. आणि तेव्हाच वाकडहून ब्लास्टयार्ड चालवणारा कौस्तुभ सिदूभाऊंना भेटायला बोलावू लागला. त्याच्याकडं देशभरातली माणसं होती, पण यायची आणि निघून जायची. आमची माणसं कमी होती, पण टिकायची. त्याला आमचा टिकाऊ माल हवा होता, असं मी म्हटलं. सिदूभाऊ म्हणाले, “सगळ्यांच्या मनात काळंबेरं नसतं ज्योती.”

वाकडला त्याच्या टॉवरच्या क्लबहाऊसमध्ये बैठक झाली. सिदूभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून, पिंपळे गुरवहून भेळ बांधून घेऊन. मी सोबत. कौस्तुभ पोरगा वाईट नव्हता, हे मला रागातही सांगायला पाहिजे. स्वतः कॉफी करून आणली, भेळ मागून खाल्ली. मराठीच पोरगा, पण वाक्यं निम्मी इंग्रजीत संपायची. “सिंपल आहे काका. तुमची कम्युनिटी, आमचा प्लॅटफॉर्म. आपण फक्त मर्ज करायचं.”

“आमचा रफिक म्हणायचा, मर्ज म्हणजे उर्दूत आजार,” सिदूभाऊ म्हणाले. कौस्तुभ खूप हसला.

मग सिदूभाऊंनी त्यांची अट सांगितली. एकच अट. बाकी पानांचं काहीही करा, ‘निघताना’ जसंच्या तसं यायला पाहिजे. का, तेही सांगितलं, रफिकचं नाव घेऊन सांगितलं. कौस्तुभचा चेहरा खरोखर गंभीर झाला. “डन, काका. शब्द.” खाली उतरल्यावर सिदूभाऊ स्कूटरला किक मारत मला म्हणाले, “काका म्हणतोय. काका म्हटलं की समजायचं, ऐकून घेतील, करतील असं नाही.” हे त्यांना तेव्हाच वाटलं होतं. तरीही घरी जाऊन त्यांनी एकेकाला फोन करून पटवलं. हवालदार तर तयारच नव्हता. त्याला म्हणाले, “अहो, माणसं असली तर पान आहे. पाळीबदल मेला तर पानही जाईल.”

एकत्र झालो. पान आलं, जसंच्या तसं. पहिला आठवडा गोडीत गेला. आणि मग सुरू झालं ते ‘येतो’चं लफडं, जे ऐकून शहाण्या माणसानं डोकं धरावं.

ब्लास्टयार्डचा नियम असा की खेळाच्या रूममध्ये एखादा ‘येतोय’ म्हणाला तर त्याची जागा धरून ठेवायची, आणि नाही आला तर त्याच्या नावावर लाल खूण. खुणा साठल्या की हकालपट्टी. आमचा मारुती शेळके एक सामना खेळला, रूममध्ये सवयीनं ‘येतो’ लिहिलं आणि सेकंड शिफ्टची बस पकडायला पळाला. तिकडं हैदराबाद, गुरुग्राम आणि कुठकुठली पोरं त्याची जागा धरून बसली. फोरमचं भाषांतराचं यंत्र त्यांना सांगत होतं, तो म्हणतोय मी येत आहे. मारुती तर गिअर कापत होता. दुसऱ्या दिवशी भोसरीचा शिंपी तसाच. मग हवालदार. लोक त्यांना झापायचे, आणि आमची माणसं इतकी सज्जन की बोलणी खाऊन, माफी मागून, निघताना पुन्हा नम्रपणे लिहायची, ‘येतो’. पुन्हा लाल खूण.

सिदूभाऊंनी माझ्याकडून इंग्रजीत खुलासा लिहून घेतला. आम्ही निघताना येतो म्हणतो, जातो म्हणणं आमच्यात अभद्र. त्यावर कुणीतरी सरळपणे विचारलं, मग तुम्ही खरोखर येत असता तेव्हा काय म्हणता? सिदूभाऊंनी प्रामाणिकपणे उत्तर दिलं: ‘आलो.’

आता यात खोटं काय आहे? जेवायला हाक मारली की आपण बसल्या जागेवरून ओरडतोच ना, “आलो, आलो.” उठलेलं कुणी नसतं. पण त्या लोकांना वाटलं, म्हातारा टिंगल करतोय. सिदूभाऊंच्या नावावर लाल खूण पडली. ज्या माणसानं शिवीलाही ‘अहो’ लावलं, त्याच्यावर उद्धटपणाचा शेरा. आयत्या बिळावर नागोबा ऐकलं होतं. बीळ खणणाऱ्यालाच नागोबानं नियम शिकवावेत हे तेव्हा पाहिलं.

कौस्तुभला फोन केला. तो म्हणाला, “मला माहितीये हो काका, माझी आजीपण असंच म्हणायची. पण बाकीच्यांना कसं कळणार? सरळ बाय लिहा ना.” म्हणजे त्याला कळत होतं. ज्याला कळत नाही त्याच्यावर मी रागावत नाही. हा आपलाच, याला सगळं कळत होतं, आणि यानं एका वाक्याची सूचना लावायचे कष्ट घेतले नाहीत. सिदूभाऊ मात्र नमले. आमच्या सगळ्यांना कळवलं, रूममध्ये बाय लिहा, आणि येतो आपल्या पानावर लिहा. पान आपलं आहे.

माणसं तसं करायला लागली. त्या पानावर इतकी गर्दी पूर्वी कधी झाली नव्हती.

मग एक दिवस कँटीनमध्ये जेवताना सिदूभाऊंचा फोन वाजला. रुखसानाभाभी होती. “भाऊ, ते पान उघडंना झालंय. माझा फोन बिघडलाय का बघा की.” सिदूभाऊंनी स्वतःच्या फोनवर पाहिलं. मग तो माझ्यापुढं धरला. मीही पाहिलं. पान नव्हतंच. “बघतो भाभी,” एवढंच ते बोलले, आणि ताट तसंच ठेवून उठले.

त्याच संध्याकाळी आम्ही वाकडला. कौस्तुभनं आठवायला वेळ घेतला, खरंच आठवत नव्हतं त्याला. मग म्हणाला, “अच्छा, ते क्लीनअपमध्ये गेलं असणार. एका शब्दाच्या पोस्ट्स आपण ऑटो-डिलीट करतो ना. स्पॅम धरतो.”

“तुम्ही शब्द दिला होता,” सिदूभाऊ म्हणाले.

“हो काका, आणि आणलं होतंच ना आपण ते पान. पण मी ओपन करून बघितलं होतं, नुसतं येतो, येतो, येतो. त्यात कंटेंट काही नव्हता.”

“परत आणता येईल?”

“तुमची जुनी साइट आपण बंद केली ना. तुम्हीच हो म्हणालात.”

मला पुढचं ऐकवेना. मी म्हटलं, “तुझ्या आजीला सांगितलंस का कधी, की तुझ्या बोलण्यात कंटेंट नाही म्हणून? मेल्या माणसाचा शब्द पुसलास आणि वर...”

सिदूभाऊंनी माझ्या मनगटाला हात लावला. “ज्योती. अहो म्हण त्यांना.”

म्हटलं. त्या माणसासाठी म्हटलं. “अहो कौस्तुभ, आपण नालायक आहात.” तोंड चांगलं मोठं उघडलं होतं, पण राग निम्मा काय, चिमूटभरसुद्धा बाहेर पडला नाही. आजतागायत नाही. कौस्तुभ हिरमुसला, म्हणाला, सॉरी, मी हर्ट करायचं म्हणून नाही केलं. खरंच नसेल केलं. हेतू नव्हता म्हणून पुसलेलं परत येतं का?

दुसऱ्या दिवशी सिदूभाऊंनी ब्लास्टयार्डच्या मुख्य पानावर एक शब्द लिहिला. ‘जातो.’

आमच्या लोकांनी तो वाचला. मारुतीनं मला फोन करून विचारलं, खरंच त्यांनीच लिहिलंय का. बाकीच्या दुनियेनं त्याखाली पसंतीचे अंगठे दिले. यंत्रानं या वेळी भाषांतर अगदी बरोबर केलं होतं, मी जात आहे, आणि त्यांना आनंद झाला असावा की काका अखेर शिकले. काही तासांनी तोही शब्द पुसला गेला. एकच शब्द होता ना.

रविवारी ते मला घेऊन चाकणला रुखसानाभाभीकडं गेले. स्कूटर बोळात शिरताना रिव्हर्स घेऊन लावली, तोंड रस्त्याकडं. थाप मारायची विसरले. आत जाऊन चहा येण्याआधीच सांगून टाकलं. कुणावर ढकललं नाही, कौस्तुभचं नावसुद्धा घेतलं नाही. “राहील म्हणालो होतो भाभी. नाही राहिलं.”

भाभी पदराला हात पुसत उभी होती. तिनं विचारलं, “समद्यांचंच गेलं?”

“सगळ्यांचं.”

“तुमचंबी?”

“माझंही.”

“मग ते एकलेच न्हाई गेले,” ती म्हणाली, आणि चहा आणायला वळली. तिला राग आला नाही, याचाही मला राग आला.

चहा झाला. सिदूभाऊ उठले, चपला घातल्या, हात जोडले आणि वळले. काही बोलले नाहीत. इतक्या वर्षांत त्या माणसाला मी कुठल्याही उंबऱ्यावरून मुक्यानं उतरताना पाहिलं नव्हतं. भाभीच्याही ते लक्षात आलं. ती दारापर्यंत आली. “भाऊ, असं न्हाई निघायचं माझ्या दारातनं. म्हणा की.”

ते स्कूटरपाशी उभे राहिले. किल्ली हातात. भुवयांखाली डोळे दिसत नव्हते.

“येतो, भाभी,” ते म्हणाले.

“या,” ती म्हणाली.

मला त्यांनी चाकण चौकात सोडलं. मी उतरून म्हटलं, “येते सिदूभाऊ.” त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “येतो.” त्याच महिन्यात कंपनीनं डिस्पॅचचं काम गुजरातच्या नव्या प्लांटला नेलं आणि त्यांनाही तिकडं पाठवलं. मी तेव्हा बहिणीच्या बाळंतपणासाठी गावी होते, परत आले तर टेबल रिकामं. फोन लागतो, ते उचलत नाहीत. वहिनी उचलतात, म्हणतात, बरे आहेत, कॉम्प्युटरवर कापड घालून ठेवलंय.

आम्ही उरलेल्यांनी पुन्हा वेगळी चूल मांडली आहे. छोटासा ग्रुप, फोरम म्हणावा असा नाही. सामना लावायचा म्हटलं की पाच माणसं लागतात आणि आम्ही चौघंच असतो. परवा एका नव्या पोरानं विचारलं, पाचवी जागा रिकामी दिसते, मी येऊ का? मी नाही म्हटलं. तो म्हणाला, पण कोणीच नाहीये तिथे.

मी मराठी बाई आहे. निघताना म्हटलेल्या ‘येतो’चा अर्थ काय असतो, ते मला कुणी सांगायला नको. तरी त्या पोराला मी लिहिलं, ‘अहो, आपण जरा थांबा. ते येतो म्हणालेत.’